अडाणकाठची खोपी आणि उबेचा हिशेब

विदर्भ म्हटले की उन्हाळा आठवतो. आमच्या वाशीम जिल्ह्याच्या हिवाळ्याची ख्याती कोणी ऐकलेली नसते. परंतु मार्गशीर्ष-पौषातील एखादी रात्र ज्याने येथे उघड्यावर काढली आहे, त्याला या हिवाळ्याची ओळख करून द्यावी लागत नाही. हा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पठारी पाठीवर वसलेला आहे. काटेपूर्णा येथे उगम पावून उत्तरेस पूर्णेकडे, म्हणजे पुढे तापीच्या खोऱ्यात जाते. अडाण आणि अरुणावती दक्षिण-पूर्वेस वळून पैनगंगेला मिळतात व गोदावरीच्या खोऱ्यातील होतात. अशा पाणलोटाच्या माथ्यावर आकाश निरभ्र असले की दिवसभर तापलेली काळी जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने गमावते. दुपारी सदरा नकोसा वाटावा आणि पहाटे हाताची बोटे वळू नयेत, असा हा दुतोंडी काळ असतो. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली गेले आणि ते नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असले, तर हवामान खाते त्यास थंडीची लाट म्हणते. आमच्याकडील काही पहाटा या व्याख्येत सहज बसतात.

अशा दिवसांत वाशीमहून कारंज्याकडे पहाटे निघावे. वत्सगुल्म या नावाने वाकाटकांची राजधानी राहिलेले हे नगर मागे पडते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हरभरा आणि गहू, मधूनमधून सोंगणीला आलेली तूर; आणि शेताशेतांतून लुकलुकणारे लहान लहान जाळ. हे जाळ म्हणजे जागल करणाऱ्या माणसांच्या शेकोट्या होत. रानडुकरे आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून कोणी माळ्यावर बसलेला असतो. कोणी रात्रीच्या पाळीत वीज आली म्हणून गव्हाला पाणी देत गुडघाभर गारठ्यात उभा असतो. मंगरूळपीरला दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याच्या वळणावर चहाची टपरी नुकती उघडत असते. पुढे कारंजा येते. नरसिंह सरस्वतींचे हे जन्मस्थान. त्यांची जयंती पौष शुद्ध द्वितीयेला, म्हणजे ऐन थंडीत येते, आणि गुरुमंदिरात येणाऱ्या भाविकांत उतारवयातील मंडळी बरीच असतात. काष्ठासंघाच्या जैन मंदिरातील लाकडी कोरीव काम पाहण्यासाठी थांबणाऱ्या प्रवाशाने तेथून थोडी वाट वाकडी करून अडाणच्या जलाशयाकडे जावे. सूर्य वर येण्याआधी पाण्यावर धुई उभी असते, आणि तिच्यातून थर्माकोलच्या तराफ्यावर बसलेली माणसे जाळे उचलताना अंधूक दिसतात.

या लेखाचे निमित्त त्या काठावरील एका खोपीचे आहे.

खोपीतील बिऱ्हाड

भोई समाजातील एक वृद्ध जोडपे हिवाळ्याचे चार महिने या काठावर राहते. बाबांचे वय सत्तरीपुढचे, आजी त्यांच्याहून थोड्या लहान. कटला, रोहू, मृगळ हे मासे थंडीत सुस्तावतात, फिरत नाहीत. त्यामुळे जाळे संध्याकाळी टाकावे, रात्रभर पाण्यात ठेवावे आणि पहाटे उचलावे लागते. जाळे पाण्यात म्हणजे जीव पाण्यात. ते सोडून गावातल्या घरी निजायला बाबा तयार नसतात. त्यांचा मुलगा पुण्याला एका कारखान्यात कामाला आहे. त्याने एके दिवशी माझ्या दवाखान्यात येऊन सरळ प्रश्न विचारला : "डॉक्टरसाहेब, बाबांच्या खोपीसाठी गॅसवरचा छोटा हीटर घ्यायचा आहे. कोणता घेऊ?" त्याच्या मोबाइलमध्ये तीन-चार हीटरांची चित्रे होती. एकाखाली लिहिले होते, की परदेशात गोठलेल्या तळ्यांवर मासेमारी करणारे लोक हाच वापरतात.

हे लिहिलेले खोटे नव्हते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात किंवा कॅनडात हिवाळ्यात तळी गोठतात. बर्फाचा थर निदान ४ इंच झाल्यावाचून त्यावर पाऊल टाकू नये, असे मिनेसोटाचे सरकारी खाते बजावत असते. लोक त्या बर्फावर कापडी वा लाकडी झोपडी उभारतात, बर्फाला भोक पाडतात आणि आत बसून गळ टाकतात. बाहेर पाणी गोठण्याच्याही कितीतरी खाली पारा असताना त्यांची ऊब प्रोपेन वायूच्या लहान हीटरवर अवलंबून असते. प्रोपेनच का, याचेही कारण आहे. आपल्या स्वयंपाकघरातील वायू प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. ब्युटेन शून्य अंशाच्या जरासे खालीच द्रवरूपात थबकतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होऊन बाहेर पडत राहतो. आपल्याकडे पारा तितका उतरत नाही. म्हणून आपल्या सिलिंडरला ही अडचण नाही. मग अडचण कोणती, हे पाहण्यासाठी मी मुलाला म्हणालो, की हीटर निवडण्याआधी खोपी पाहू.

खोपी लांबीला आठ फूट, रुंदीला सहा फूट, आणि उंचीलाही जेमतेम सहा. तीन बाजूंना जुने टिनपत्रे, वर निळी ताडपत्री, दाराला पोत्यांचा पडदा. वारा येतो म्हणून पत्र्यांच्या सांध्यांत चिंध्या कोंबलेल्या आणि ताडपत्रीच्या कडा मातीने दाबलेल्या. मधोमध लोखंडी घमेले, त्यात राखेखाली अजून धुगधुगी असलेले निखारे. रात्री बाहेर तुराट्या आणि पऱ्हाट्या पेटवायच्या, धूर निघून गेला की लाल निखारे घमेल्यात भरून आत आणायचे आणि पडदा सोडून निजायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

आजींना मी प्रकृती विचारली. त्या म्हणाल्या, "सकाळी डोकं लय जड राह्यते जी. मळमळते. पित्त हाय म्हून गोळी घेतो. बाहेर पाण्याकडं गेलो का उतरते."

बाबांनाही तेच होत असे. ते पहाटे लवकर बाहेर पडत, म्हणून लवकर उतरत असे. एकाच छपराखाली निजणाऱ्या दोघांचे डोके रोज सकाळी दुखावे, आणि मोकळ्या हवेत दुपारपर्यंत ते थांबावे, हे पित्ताचे लक्षण नव्हे. मुलगा थंडीवरचा उपाय विचारायला आला होता. त्याच्या आईवडिलांना तातडीचा धोका मात्र थंडीपेक्षा त्या घमेल्याचा होता.

निखाऱ्याचा न दिसणारा धूर

लाकूड वा कोळसा पुरेशी हवा मिळून जळतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवा अपुरी पडली की त्याच्या जोडीने कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही, खोकला आणत नाही. राखेखाली धुमसणारा निखारा तो विशेष प्रमाणात सोडतो. धूर गेला म्हणजे विस्तव निर्धोक झाला, ही आपली पिढीजात समजूत येथेच चुकते. धुराने निदान माणूस जागा तरी होतो.

फुफ्फुसांवाटे हा वायू रक्तात शिरतो आणि तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटतो. हिमोग्लोबिनची त्याच्याशी जवळीक प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक आहे. त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण अगदी थोडे असले तरी तो प्राणवायूची जागा बळकावत जातो. आरंभी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. पुढे गोंधळल्यासारखे होते, हातापायांतील बळ जाते. आणि निजलेल्या माणसाच्या बाबतीत हे सारे झोपेतच घडून जाते. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ साली पॅरिसमधील आपल्या घरात असेच गेले; शेकोटीचे धुराडे तुंबले होते.

मोकळ्या हवेत आल्यावर रक्तातील या वायूचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण चार ते सहा तास लागतात. मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिला तर तेच काम तास-दीड तासात होते. आजींचे डोके दुपारपर्यंत का दुखत असे, याचे उत्तर या आकड्यांत आहे. वृद्धांना हा वायू लवकर बाधतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील, दमा वा रक्तक्षय असेल, तर तरुण माणूस जे निभावून नेईल ते त्यांना निभत नाही.

घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांनी येथे एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. करोनाच्या साथीपासून अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या बाधेत ते फसवते. त्याला प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन आणि या विषारी वायूने भरलेले हिमोग्लोबिन यांतील भेद कळत नाही. माणूस बेशुद्धीच्या वाटेवर असताना पडद्यावर ९८ दिसू शकते. अशा वेळी आकड्यावर नव्हे, परिस्थितीवर विश्वास ठेवावा : बंद खोली, आत विस्तव, आणि एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी त्रास.

खोपीपुरतीच ही गोष्ट नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून खिडक्या लावून घेण्याची चाल आपल्याकडे अजून मोडलेली नाही. ओवा-शेपाची धुरी देण्यापुरती शेगडी आत न्यावी, दार उघडे ठेवावे आणि काम होताच ती बाहेर काढावी; बाळ-बाळंतीण आणि शेगडी यांनी एका खोलीत रात्र काढू नये.

हीटर घ्यायचाच तर

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. चांगला गॅस हीटर नीट जळत असेल तर निखाऱ्याच्या घमेल्यापेक्षा पुष्कळ कमी कार्बन मोनॉक्साइड सोडतो. तेव्हा त्याची कल्पना टाकाऊ नव्हती. परंतु जो हीटर आपला जळालेला वायू नळीने बाहेर सोडत नाही, तो खोलीतील प्राणवायूवरच जगतो आणि सारे उत्सर्जन खोलीतच टाकतो. मी त्याला तेथेच काठावर बसून हिशेब मांडून दाखवला.

आठ गुणिले सहा गुणिले सहा फूट, म्हणजे सुमारे ८ घनमीटर हवा. तिच्यात प्राणवायू साधारण सव्वादोन किलो. अगदी लहान हीटरही तासाला १०० ग्रॅमच्या आसपास वायू जाळतो, आणि १०० ग्रॅम वायूला जळण्यासाठी ३६० ग्रॅमच्या जवळपास प्राणवायू लागतो. खोपी पुरती बंद असेल तर तासाभराच्या आत हवेतील प्राणवायू नेहमीच्या २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांपर्यंत उतरेल. निजलेल्या दोन माणसांचा श्वास यात धरलेलाच नाही. प्राणवायू कमी झाला की ज्योत अपुरी जळू लागते, आणि घमेल्यातला तोच विषारी वायू हीटरमधूनही येऊ लागतो.

यासाठीच चांगल्या हीटरांत एक योजना असते. हवेतील प्राणवायू १८ टक्क्यांच्या आसपास आला की लहान ज्योत विझते आणि वायूची झडप आपोआप बंद होते. दुसरी योजना अशी, की हीटर कलंडला तर तो विझतो. या दोन्ही सोयी नसलेला हीटर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. परंतु त्या आहेत म्हणून दार लावून निजावे, असाही त्याचा अर्थ नाही. धुळीने, कोळ्याच्या जाळ्याने किंवा जुनाट झाल्याने ही ज्योत बिघडते. ज्या गोठलेल्या तळ्यांसाठी हे हीटर बनले, तेथेही दर हिवाळ्याला बंद झोपडीत हीटर लावून न निजण्याच्या सूचना काढाव्या लागतात.

जवळचे उदाहरण नेपाळचे आहे. जानेवारी २०२० मध्ये केरळहून सहलीला गेलेले आठ जण, त्यांत चार मुले, काठमांडूच्या दक्षिणेस दामन येथील मुक्कामात मृत आढळले. थंडी फार म्हणून खोलीत गॅस हीटर लावला होता आणि दारे-खिडक्या आतून बंद होत्या. आपल्या जिल्ह्यातूनही पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, बद्रीनाथ-केदारनाथ अशा यात्रांना ज्येष्ठ मंडळी जातात. मुक्कामाच्या खोलीत कोणी प्रेमाने गॅसची शेगडी वा हीटर आणून ठेवला तर निजण्यापूर्वी तो बाहेर काढायला लावावा. त्याऐवजी दोन रजया अधिक मागाव्यात.

गॅस हीटर घेणाऱ्याने आणखी काही गोष्टी पाहाव्यात. ज्योत निळी हवी. पिवळी, काजळी धरणारी ज्योत म्हणजे बिघाड. नळी आयएसआय चिन्हाची असावी, तिच्यावर छापलेली मुदत टळलेली नसावी. जोडणीवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी ओढून गळती तपासू नये. सिलिंडर उभे आणि हीटरच्या आचेपासून दूर असावे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर जमिनीलगत साचतो, नेमका अंथरुणाच्या पातळीवर. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी मिसळलेली असते, पण उतारवयात घ्राणशक्ती मंदावते हे विसरू नये. आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. म्हणून जेथे जेथे घरात विस्तव वा गॅस हीटर आहे, तेथे बॅटरीवर चालणारे कार्बन मोनॉक्साइडचे इशारायंत्र निजण्याच्या जागेजवळ लावावे. धुराचा इशारा देणारे यंत्र वेगळे. त्याने हे काम होत नाही. यंत्रावर त्याची मुदत छापलेली असते. ती संपली की यंत्र बदलावे.

एक लहानशी बाब बहुतेकांना ठाऊक नसते. गॅस जळताना पाणीही तयार होते. १०० ग्रॅम वायूमागे १६० ग्रॅमहून थोडे अधिक. आठ तास हीटर चालला तर सव्वा लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने त्या एवढ्याशा खोपीत येईल, थंड पत्र्यावर त्याचे थेंब होतील आणि पहाटे ते अंथरुणावर टपकतील. ओले अंथरूण माणसाला कोरड्या थंडीपेक्षा अधिक गारठवते.

बाबा इतका वेळ शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "दार उघडंच ठेवायचं, तं मंग हीटर कायले पाह्यजे जी?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर एवढेच, की लाल होऊन तापणारा हीटर हवेपेक्षा समोरच्या अंगाला ऊब देतो. शेकोटी उघड्यावर असूनही आपल्याला शेकते, तसेच. म्हणून जागेपणी, पडदा अर्धा वर करून, खाली आणि वर हवेला वाट ठेवून, जाळे सावडताना किंवा जेवताना त्याच्यासमोर बसता येईल. निजण्यापूर्वी मात्र तो विझवून सिलिंडरसकट बाहेर ठेवायचा. निजलेल्या माणसाला ऊब देण्याचे काम त्याचे नव्हे.

निजलेल्या माणसाची ऊब

मग ते काम कोणाचे? या प्रश्नाचे उत्तर शरीरात आहे. उतारवयात कातडीखालची चरबी आणि स्नायू कमी होतात, हुडहुडी भरण्याची शक्ती मंदावते आणि थंडीची जाणीवही बोथट होते. म्हातारा माणूस "मले थंडी वाजत नाही" म्हणतो तेव्हा ते नेहमी धैर्य नसते; त्याला खरोखर ती कळत नसते. शरीराच्या आतील तापमान ३५ अंशांखाली गेले तर ती धोक्याची अवस्था. बोलणे जड होते, माणूस गोंधळतो, पाय लटपटतात. घरच्यांना वाटते वयामुळे असेल. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. म्हणून हृदयरोग असलेल्यांनी पहाटे अंथरुणातून एकदम उठून गारठ्यात जाऊ नये. दारूने अंगात ऊब येते हा भास आहे. कातडीकडील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. शेतातील जागलीत हा गैरसमज अनेकदा जिवावर बेततो.

माणसाचे शरीर हीच एक न विझणारी शेगडी आहे. तिची उष्णता वाया जाऊ दिली नाही तर वाशीमच्या थंडीत बाहेरच्या विस्तवाची गरज फारशी उरत नाही. अर्धी उबेची गळती खालून होते, याकडे आपले लक्ष नसते. जमिनीवर पातळ सतरंजी आणि अंगावर तीन रजया, असे आपण निजतो. खरे तर खाली गव्हाच्या काडाचा वा कोरड्या गवताचा वीतभर थर, त्यावर जाड वाकळ, आणि मग अंगावर पांघरूण अशी रचना हवी. बाज असेल तर तिच्या खालून वारा वाहतो. म्हणून बाजेवरही जाड अंथरूण हवे. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे, कारण त्यांच्या मधली स्थिर हवा ऊब धरते. कानटोपी आणि कोरडे पायमोजे हे औषधाइतके महत्त्वाचे. रात्री भाकरी पोटभर असावी. उपाशी शरीर ऊब निर्माण करू शकत नाही.

गरम पाण्याची रबरी पिशवी अंथरुणात निजण्याआधी ठेवावी, तीही टॉवेलात गुंडाळून. आणि अंथरूण ऊबदार झाले की काढून घ्यावी. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांच्या पायांशी ती कधीही ठेवू नये. दर हिवाळ्यात अशा भाजल्याच्या जखमा मी पाहतो. भाजले हे रुग्णाला सकाळी फोड पाहून कळलेले असते.

गावातील पक्क्या घरात ज्यांच्याकडे वीज आहे, त्यांनी विस्तवाऐवजी विजेचा हीटर वापरावा. तो कार्बन मोनॉक्साइड सोडत नाही. रात्रीसाठी तेल भरलेला बंद हीटर सर्वांत सुरक्षित, कारण त्याची तार उघडी लाल होत नाही. मात्र २००० वॅटचा हीटर ८ ते ९ अँपिअर वीज ओढतो. तो १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावा, एक्स्टेन्शन बोर्डाला नव्हे. पडदे, मच्छरदाणी आणि पांघरूण त्याच्यापासून हातभर दूर असावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंडीच्या काळात घरातील तापमान निदान १८ अंश असावे असे सुचविले आहे. वृद्धांच्या खोलीत ते त्याहून थोडे अधिक असले तर बरे. भिंतीवर टांगायचा साधा तापमापक ठेवावा आणि वृद्धांच्या "थंडी नाही" यापेक्षा त्याचे ऐकावे.

कोणी बंद खोलीत विस्तवाशेजारी सुस्त वा बेशुद्ध आढळला, तर आधी दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, त्याला ओढून मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन लावावा. कांदा हुंगवत किंवा लिंबूपाणी पाजत वेळ दवडू नये. बेशुद्धाच्या तोंडात काही घालू नये, त्याला कुशीवर ठेवावे. श्वास थांबला असेल आणि छातीवर दाब देण्याची माहिती असेल तर ती क्रिया सुरू करावी. तो शुद्धीवर आला तरी दवाखान्यात नेलेच पाहिजे, आणि खोलीत विस्तव होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. काही रुग्णांत विस्मरण, चिडचिड, चालण्यातील बिघाड अशी लक्षणे काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी उमटतात. सांभाळणाऱ्यांनी पुढचा महिनाभर लक्ष ठेवावे.

काठावर झालेला निर्णय

अडाणकाठी त्या दिवशी जो निर्णय झाला त्यात माझा वाटा थोडा. घमेले आत न्यायचे नाही, यावर आजींनीच शिक्कामोर्तब केले. डोके त्यांचे अधिक दुखत होते. मुलाने हीटरचे पैसे वेगळ्या प्रकारे खर्च केले. वाऱ्याच्या अंगाला पत्र्यांच्या आतून तुराट्यांचे तट्टे बांधून ते शेणामातीने लिंपले. दाराच्या वर आणि समोरच्या भिंतीच्या तळाशी वीतभर जागा मुद्दाम उघडी ठेवली. खाली काडाचा थर आला, दोन जाड वाकळी आल्या, कानटोप्या आल्या. बाबांचे म्हणणे मात्र शेवटपर्यंत एकच होते : "थंडीचं काही नाही जी. पण जाळं सोडून निजलो, तं सकाळी जाळंही नाही अन् मासोळीही नाही."

थंडीवरचा कोणताही उपाय या भीतीवर चालत नव्हता. म्हणून तिचाही विचार करावा लागला. काठावर आणखी तीन खोप्या आहेत आणि त्यांत तरुण माणसे आहेत. जाळ्यांवर लक्ष ठेवण्याच्या पाळ्या त्यांनी आपसांत वाटून घेतल्या. कडाक्याच्या रात्री बाबा-आजी गावातल्या घरी निजतात आणि पहाटे उन्हे चढल्यावर काठावर येतात. त्याबदल्यात बाबा दिवसा सर्वांची फाटलेली जाळी विणून देतात. त्या कामात त्यांचा हात धरणारा काठावर दुसरा कोणी नाही.

पंधरवड्याने आजी रक्तदाब तपासायला आल्या. सकाळचे डोके दुखणे थांबले होते. पित्ताच्या गोळ्यांची उरलेली पट्टी त्यांनी पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारले, ही परत करून तिच्याऐवजी गुडघ्याची गोळी मिळेल का.